नवव्या कंदिलाला हाक

"त्यो काय बोलला न्हाय," आबा म्हणाले.

टीव्हीच्या पडद्यावर मालिका थांबून जाहिरात सुरू झाली होती, साबणाचा फेस उडत होता, आणि आबा कुणाबद्दल बोलताहेत ते सुकन्याला क्षणभर कळलंच नाही. "कोण, आबा?" तिनं विचारलं. "दौलू. तू म्हणलीस, मला माफ करा म्हणतोय. त्यानं त्वांडच उघडलं न्हाय." सुकन्या म्हणाली, "पुटपुटला तो. अगदी हळूच." "पुटपुटायलाबी व्हट हलावं लागत्यात, पोरी," आबा शांतपणे म्हणाले आणि बंडीच्या खिशातलं घुंगरू चाचपायला लागले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. सासऱ्यानं रागवावं, सुनेनं मान खाली घालावी आणि विषय मिटावा, याची घराघरांना सवय असते. पण त्यांनी पडद्याकडेच बघत विचारलं, "मंग आजवर सांगितलंस त्यातलं त्यांचं किती आन् तुझं किती?" तेवढ्यात जाहिराती संपल्या. मालिका पुन्हा सुरू झाली. पुढचा सगळा भाग सुकन्याला इंग्रजीतून नीट कळला, पण मराठीत एक शब्द काढायचा तिला धीर झाला नाही, आणि आबांनीही काही विचारलं नाही.

मालिकेचं नाव होतं 'द नाइन्थ लँटर्न'. बारामतीत केबल येऊन तीनेक वर्षं झाली होती. लोक हिंदी गाणी बघत, क्रिकेट बघत. गुरुवारी संध्याकाळी सातला लागणारी ही इंग्रजी मालिका त्या सगळ्या इमारतीत सुकन्या आणि तिचे सासरे, दोघंच बघत असतील. सुकन्या शाळेत इंग्रजी शिकवायची, तिनं बघावी यात नवल नव्हतं. पण जोतीराम आबांनी, ज्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं रान तुडवण्यात गेलं त्यांनी, जमिनीवर घोंगडं अंथरून, चष्मा सावरून, आकाशातल्या माणसांची गोष्ट बघावी, हे शेजाऱ्यांना मोठं गमतीचं वाटायचं. "म्हातारा वर जायची वाट बघून ठेवतोय," असं एकजण म्हणालाही होता. सुकन्याला मात्र त्यात गंमत वाटली नव्हती. पहिल्याच भागात आबांनी विचारलं होतं, "ही माणसं कुठं निघाल्यात?" तिनं सांगितलं, यांची धरती जळून गेली, आता नऊ यानं घेऊन दुसरी शोधत निघालेत, बायकापोरं, भांडीकुंडी, बी-बियाणं, सगळं बरोबर. आबा म्हणाले, "मंग ह्यो वाडाच की." मेंढरं, घोडी, बायकापोरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या तांड्याला त्यांच्यात वाडा म्हणतात. सुकन्याचं माहेरही त्याच समाजातलं, पण तिच्या आजोबांनीच मेंढरं सोडून इंदापुरात दुकान टाकलेलं. वाडा तिनं रस्त्याच्या कडेनं जाताना एसटीच्या खिडकीतून पाहिलेला. तेव्हापासून तिला ती मालिका जरा निराळीच दिसायला लागली.

त्या नऊ यानांना कंदील म्हणत. प्रत्येकाच्या शेपटाला एक दिवा असे, आणि अंधारात मागच्यानं पुढच्याच्या दिव्यावर नजर ठेवून चालायचं, अशी रीत. पहिल्या यानावर मारा नावाची कॅप्टन होती. आबा तिला कारभारीण म्हणायचे. तिच्या हाताखालचा डोरन. आबांच्या तोंडी तो दौलू झाला. कथेच्या सुरुवातीलाच शत्रू पाठीवर येतो, आणि डोरन कुणालाही न विचारता आठव्या कंदिलाचा शेपटाचा दिवा विझवून टाकतो. नववा वाट चुकतो. शत्रू त्या चुकलेल्याच्या मागे जातो, आणि बाकीचे आठ वाचतात. चुकलेल्या नवव्यावर कॅप्टनचा सख्खा भाऊ असतो. डोरननं केलं ते आठ यानांच्या भल्यासाठी केलं, हे सगळे कबूल करतात, कॅप्टनसुद्धा. पण ती त्याच्याशी कामापलीकडचं बोलत नाही. आणि डोरन? पहाऱ्याची पाळी संपताना प्रत्येक यानाचं नाव घेऊन हाक मारायची आणि उत्तराची वाट बघायची, असा तिथला नियम. नववं नाव केव्हाच कमी केलेलं. पण डोरन आठ नावं झाली की नववंही घेतो, कानाला लावलेल्या यंत्रावर हात ठेवून थांबतो, काही ऐकू येत नाही, मग उठून जातो. दर भागात. एकदाही त्याबद्दल कुणाशी बोलत नाही.

सुकन्याला त्या डोरनचं फार कौतुक वाटायचं. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना मध्येच तिला त्याचा तो कानावर ठेवलेला हात दिसायचा. एवढ्या मोठ्या माणसानं, ज्याला सगळे चांगलंच म्हणत होते त्यानं, स्वतःला असं रोज त्या रिकाम्या जागेसमोर उभं करावं, आणि तेही न दाखवता! आबा म्हणाले होते, "मेंढरू चुकलं की मेंढक्या आसाच रोज त्याच जागी जाऊन हाळी देतो. लांडग्यानं नेलेलं ठाव आसलं तरी देतो." तिला वाटलं होतं, हे ज्यानं लिहिलं तो कुठल्या कुठं सातासमुद्रापलीकडचा, त्यानं कधी मेंढरू पाहिलंही नसेल. तरी दोघांचं कसं जुळलं! त्या दिवशी तिला आबांचा अभिमान वाटला होता, आणि त्या परक्या लिहिणाऱ्याचाही.

मग इतकं कौतुक होतं, तर डोरनच्या तोंडी नसलेली माफी तिनं का घातली? गुरुवारची ती रात्र, शुक्रवार, शनिवार तिला दुसरं काही सुचलं नाही. भाकरी थापताना, फळ्यावर लिहिताना, आबांचा प्रश्न मध्येच समोर येऊन उभा राहायचा. त्यांचं किती आणि तुझं किती. उत्तर तिला ठाऊक होतं. प्रश्न नुसत्या मालिकेचा नव्हता. त्या दोन खोल्यांच्या घरात ती दोन वर्षं दुभाष्याचंच काम करत होती. आबा मल्हारशी, म्हणजे पोटच्या पोराशी, बोलत नव्हते. त्यांना काही सांगायचं झालं की ते सुकन्याला सांगत आणि मल्हार शेजारी बसलेला असला तरी ती ते त्याला सांगे. आणि नुसतं सांगे थोडीच? मल्हार म्हणायचा, "गोळ्या घेतल्या का इचार." ती म्हणायची, "आबा, हे विचारताहेत, गोळ्या घेतल्या ना, फार काळजी करतात तुमची." आबा म्हणायचे, "म्हणावं माझी चिंता करू नगंस." ती मल्हारला सांगायची, "आबा बरे आहेत." कडू ते गाळायचं, गोड ते दुप्पट करायचं. जावयाला आणि व्याह्याला सांभाळणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या, त्यात तिला पाप वाटलं नव्हतं. मग एका दिवाळीत तिनं एक पाऊल पुढं टाकलं. अभ्यंगाचं पाणी काढताना आबांना म्हणाली, "हे म्हणत होते, आबांना म्हणावं मला माफ करा." आबांनी उत्तर दिलं नाही. औषधाचा गुण येत नाही म्हटल्यावर डॉक्टर जसा डोस वाढवतो, तशी ती वाढवत गेली. हे म्हणत होते, चूक झाली. हे म्हणत होते, आबांच्या पाया पडावंसं वाटतं. रोज एकदा तरी. खरं तर मल्हारनं यातलं एक अक्षर कधी उच्चारलं नव्हतं.

आणि झालं होतं तरी काय? बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर तो म्हणेल, एवढ्यावरून? आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. ते बारामतीत दवाखान्यात, आणि मेंढरं भिगवणच्या पुढं, उजनीच्या पाण्याकडेला, झुंबर नावाच्या गड्याच्या भरवशावर. झुंबर तापानं फणफणला आणि त्यानं निरोप धाडला. मल्हार एमआयडीसीत मशीनवर, लहानपणापासून इंदापूरच्या वसतिगृहात वाढलेला. मेंढरं म्हणजे त्याला फक्त दूर जाणारी बापाची पाठ आठवायची. तो गेला, त्यानं आजूबाजूला बघितलं. कालव्याचं पाणी आलं तसा सगळीकडं ऊस उभा राहिला होता, चरायला रान उरलं नव्हतं, बापाचे डोळे गेलेले, गडी आजारी. तिथं टपलेला एक व्यापारी होताच. दिवस मावळता मावळता सगळी मेंढरं गाडीत चढली. मल्हार दवाखान्यात आला तो हसतच. सुकन्या तिथंच होती, मोसंबी सोलत. "आबा, आता तुमी सुटला," तो म्हणाला. आबांच्या डोळ्याला पट्टी. त्यांनी तेवढंच विचारलं, "काजळीचं काय केलंस?" आणि मल्हार म्हणाला, "कोण काजळी?"

काजळी म्हणजे देवाची मेंढी. बिरोबाच्या नावानं सोडलेली. तिला विकायचं नाही, कापायचं नाही, तिची लोकर घरच्या घोंगड्यात घालायची, आणि म्हातारी होऊन मेली की पुरायची. अशी एक कळपात असते हे मल्हारला ठाऊक होतं, समाजातल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. पण कुठली ते त्याला ओळखता आलं नाही, आणि घाईत विचारायचं सुचलंही नाही. त्याचा चेहरा तेव्हा कसा पांढराफटक पडला ते सुकन्यानं पाहिलं होतं. आबांनी नाही पाहिलं, त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. तो उलट्या पावली भिगवणला पळाला. गाडी केव्हाच गेली होती, आणि व्यापाऱ्यानं मेंढरं वाटेत चार ठिकाणी विकून टाकलेली, काही कापायला, काही पाळायला. त्या दिवसापासून आबा मल्हारशी बोलले नाहीत. शिव्या नाहीत, आदळआपट नाही. नुसतं बोलणं काढून घेतलं. आणि सुकन्याला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. दवाखान्यातून सरळ या घरात आले, दिलेलं खाल्लं, सुनेला पोरीसारखं वागवलं; ज्याचं अन्न खातोय त्याच्याशी मात्र अबोला. म्हाताऱ्याच्या त्या पिळाचा तिला कधी कधी राग यायचा आणि कधी कधी नवल वाटायचं. आता मालिका संपत आली होती, आणि आबांनी महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं, "दौलूचं काय हुतं तेवढं बघतो आन् बावड्याला भागीकडं जातो." भागूबाई ही त्यांची बहीण. बावड्याला गेले म्हणजे परत येणार नाहीत, हे न सांगताही घरात सगळ्यांना कळलं होतं. म्हणूनच त्या गुरुवारी, शेवटून दुसऱ्या भागात, डोरन कॅप्टनच्या दारात नुसता उभा राहून परत वळला तेव्हा सुकन्याचा तोल गेला. ती म्हणाली, "मला माफ करा म्हणतोय, आबा. आणि बघा, तिचे डोळे भरून आले." तिचे डोळे भरले नव्हते. सुकन्याचेच भरले होते.

शुक्रवारी सकाळी तिनं मल्हारचा आदल्या दिवशीचा शर्ट धुवायला काढला आणि तो नाकाशी नेला. हे ती कितीतरी शुक्रवार करत होती. कंपनीची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी मल्हार सकाळीच मोटरसायकल काढायचा आणि रात्रीच्या जेवणाला परत यायचा. "काम हाय," एवढंच म्हणायचा. आबांना ती सांगायची, जादा पाळीला गेलेत. कामावरच्या शर्टाला ग्रीसचा, तापलेल्या लोखंडाचा वास असतो. गुरुवारच्या शर्टाला तो नसायचा. त्याला एक जाड, आंबूस, तेलकट वास असायचा, ओल्या लोकरीचा, आणि बाह्यांना बारीक कुसळं. आबांच्या घोंगड्याजवळ गेलं की जो येतो तोच, फक्त ताजा. मेंढरांत जाऊन येतो हा. कशाला? एकदा वाटलं, मेंढरांच्या खरेदीविक्रीत पडला असेल. वाटलं आणि अंगावर काटा आला. बापाची मेंढरं विकून वर दलाली! पण तिनं विचारलं नाही. विचारलं आणि तो हो म्हणाला, तर ते आबांना सांगावं लागणार, नाहीतर लपवावं लागणार. आधीच लपवलेलं काय कमी होतं? तिनं शर्ट बादलीत बुडवला, साबण लावला, आणि वास जाईपर्यंत घासत राहिली.

तो सबंध आठवडा आबा तिच्याशी नेहमीसारखंच बोलले, पण मल्हारसाठी एकही निरोप दिला नाही. आणि मल्हारचा निरोप सांगायला ती तोंड उघडायची तेव्हा ते तिच्या ओठांकडे बघत. नुसतं बघत. ती निरोप तसाच गिळायची. बुधवारी आबांनी पत्र्याची पेटी काढली, दोन धोतरं, काठीला बांधायची दोरी, भंडाऱ्याची पिशवी, सगळं भरलं. भागूबाईचा मुलगा शुक्रवारी सकाळी न्यायला येणार होता. मल्हारनं पेटी बघितली. तो जेवता जेवता थांबला, पाणी प्यायला आणि ताटात हात धुतला. "जाऊ नका म्हणावं," एवढं तरी तो म्हणेल म्हणून सुकन्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो उठून ताट मोरीत ठेवून आला. गुरुवारी सकाळी नेहमीच्या वेळी मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा तिला त्याचा इतका संताप आला की हातातलं फडकं तिनं मोरीत आपटलं. निदान आजचा दिवस! बाप घर सोडून चाललाय आणि हा निघाला!

संध्याकाळी आबांनी घोंगडं अंथरलं, खिशातलं घुंगरू काढून मांडीवर ठेवलं. काजळीच्या गळ्यातलं घुंगरू होतं ते. एवढं एकच राहिलं म्हणून जपत असतील, असं सुकन्याला वाटायचं. "आज आसं कर, सुकन्ये," ते म्हणाले, "त्येनी बोलल्यालं तेवढंच सांग. आन् त्ये गप बसलं की तूबी गप बस." "बरं, आबा." शरमेनं तिचे कान तापले. पण आत कुठंतरी हायसंही वाटलं. कुणीतरी डोक्यावरची पाटी हात लावून उतरवावी, तसं वाटलं.

शेवटचा भाग. आठ कंदिलांना उतरायला जागा सापडली होती. खिडक्यांतून हिरवा उजेड आत येत होता, माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, पोरं नाचत होती, आणि ते सगळं सुकन्यानं सांगितलं, जेवढं बोलत होते तेवढंच. मग डोरन त्याच्या खोलीत शेवटचा पहारा करत बसलेला दिसला. बाहेर जल्लोष, आत तो एकटा. दार उघडून मारा आली आणि त्याच्या मागं उभी राहिली. त्यानं वळून पाहिलं नाही. ती बोलली नाही. टीव्हीत काहीच आवाज नव्हता, आणि घरातही. सुकन्याच्या जिभेवर शब्द गर्दी करून आले. आता तिला वाईट वाटतंय आबा. आता तिला तिचा भाऊ आठवतोय. आता तो मनातल्या मनात म्हणतोय. तिनं ओठ घट्ट मिटले. आणि तसं मिटून बसल्यावर, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, तिला समोरची माणसं नीट दिसली. डोरनची मान दिसली, वाकलेली, थकलेली. रोज कुणाला न सांगता त्या चुकलेल्याला हाक मारणाऱ्या माणसाची मान. आणि एकाएकी तिला शर्टाचा तो वास आला. ओल्या लोकरीचा. दर गुरुवारचा. बाह्यांना कुसळं, चपलांना माती, आणि घरी येऊन एक शब्द नाही. दलाली करणारा माणूस इतका गप्प असतो का? अरे देवा, ती मनात म्हणाली. मी ज्या डोरनचं एवढं कौतुक करते, त्याला मी ओळखलंच नाही. माझ्याच घरात त्याचे शर्ट धुते मी.

पडद्यावर मारानं हात पुढं करून हाक मारायचं यंत्र उचललं. एकेक कंदिलाचं नाव घेतलं. आठ हाकांना आठ उत्तरं आली, हसरी, दमलेली. मग ती थांबली. मग तिनं नवव्याचं नाव घेतलं, आणि कानावर हात ठेवून, अगदी डोरनसारखीच, वाट बघत उभी राहिली. काही आलं नाही. तिनं यंत्र खाली ठेवलं आणि एक वाक्य बोलली. डोरन उठला. चित्र तिथंच थांबलं आणि नावं वर सरकायला लागली.

"काय म्हणाली?" आबांनी विचारलं.

"म्हणाली, उद्या मी हाक मारते, तू झोप."

"माफ केलं म्हणाली?"

"नाही, आबा."

"आन् दौलू?"

"तोही काही म्हणाला नाही."

"ह्यात तू काय घातलं न्हायस?"

"नाही."

आबांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले, एखाद्यानं मोलाची वस्तू हातात दिल्यावर माणूस हलवतो तशी. "लई मोठ्या काळजाची बाई," ते म्हणाले. "आन् त्योबी." मग घोंगड्यावर सरळ होऊन बसले आणि सुनेकडे वळले. "आता घरातलं सांग. मल्हारनं माझी माफी मागितली, ती किती बारी?"

सुकन्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला. "एकदाही नाही, आबा."

"दिवाळीत?"

"ते मीच म्हटलं."

"पाया पडायचं म्हणत हुता ते?"

"तेही मीच. सगळं माझंच होतं. ते कधीच काही बोलले नाहीत." आता घर डोक्यावर कोसळणार म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

"एकदाबी न्हाय?" आबांचा आवाज असा काही आला की तिनं डोळे उघडले. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथं जे होतं ते तिनं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. "आगं, मंग आधी का न्हाय सांगितलंस, पोरी! देवाची मेंढी घालवून बसलाय आन् उठता-बसता माफी मागतोय, चूळ भरावी तशी. मी म्हणलं, ह्येला काय झालं त्येच कळलं न्हाय. मी कोण माफ करणार? ती काय माझी हुती? आन् त्यात बेस्तरवारी अंगाला मेंढराचा वास घिऊन येतो. म्हणलं, तोंडानं माफी आन् हातानं दलाली. आसल्या पोराचं तोंड बघू ने."

"तुम्हाला वास यायचा?"

"डोळं अधू झालं. नाक न्हाय." आबा थांबले. "कुठं जातो त्यो?"

"मला माहीत नाही, आबा," सुकन्या म्हणाली. आणि खरं तेवढंच सांगायचं असल्यामुळं ती तिथंच थांबली. तिला जे वाटत होतं ते तिनं सांगितलं नाही.

खाली मोटरसायकल बंद झाली. जिन्यावर पावलं वाजली. मल्हार आत आला, दारात चपला काढल्या, वाकून पँटचं कुसळ ओढून टाकलं, आणि नेहमीसारखा भिंतीच्या कडेनं आतल्या खोलीकडे निघाला. कोपऱ्यातल्या पेटीकडे त्यानं बघायचं टाळलं.

"आज कुठवर गेलतास?" आबा म्हणाले.

मल्हार थबकला. त्यानं सुकन्याकडे पाहिलं. आबा काय म्हणताहेत ते ती सांगेल, म्हणून तो तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, समोर बाप बसलेला असताना. सवयीनं तिचेही ओठ उघडले. आबा विचारताहेत. मग तिनं ते मिटले. बोलायचं नाही म्हणून हाताची नखं तळव्यात रुतवली.

"बावड्याच्या पुढं," शेवटी मल्हार म्हणाला. स्वतःचाच आवाज परका वाटावा तसा घोगरा. "तितं एक वाडा उतरलाय. त्याच व्यापाऱ्याकडून घेतलेल्या चार मेंढ्या हुत्या त्यांच्यात."

"घावली?"

"न्हाय." मग जमिनीकडे बघत, "दर बारी कुठंतरी हायत म्हणत्यात. जाऊन बघतो. न्हाय घावत. एक मेंढी दुसरीसारखीच दिसती, आबा. मला... मला अजूनबी वळखू येत न्हाय."

आबांनी मांडीवरचं घुंगरू उचललं. ते किणकिणलं तसं त्यांनी मुठीत दाबलं. "तुला कशी वळखू येणार," ते म्हणाले. "तिच्या गळ्यात ह्ये आसायचं. देवाच्या मेंढीची खूणच ती. डोळं कापायचं म्हणल्यावर मी भ्यालो. देवाचं काय तरी जवळ आसावं म्हणून मीच सोडवून दवाखान्यात नेलं." त्यांनी मूठ उघडून घुंगराकडं पाहिलं. "उशाखाली घिऊन निजलो हुतो मी, मल्हार. खूण माझ्यापाशी आन् तू तितं. त्ये तुला सांगायचं मला दोन वरसं झालं न्हाय."

मल्हार मटकन खाली बसला. घोंगड्याच्या काठाशी, जिथं तो कधी बसत नसे तिथं. आबांनी जरा सरकून जागा केली. कुणीच कुणाला माफ कर म्हणालं नाही. सुकन्या बघत होती, आणि तिला रडू येत होतं, आणि त्या दोघांबद्दल इतका आदर दाटून आला होता की आपण मध्ये आहोत याचीच लाज वाटत होती.

"डाव्या कानाला चीर हाय तिच्या, खालच्या अंगाला," आबा म्हणाले. "हात फिरवल्याबिगर कळायची न्हाय. पुढच्या बेस्तरवारी मीबी येतो गाडीवर. मी कान बघीन. तू आपली गाडी धर." मग सुनेकडे न बघताच, "भागीच्या पोराला म्हणावं, उद्या येऊ नगंस."

"सांगते," सुकन्या म्हणाली. तेवढं जसंच्या तसं सांगायचं होतं. ती उठली, पत्र्याची पेटी कोपऱ्यातून ओढून आतल्या खोलीत नेली आणि पदरानं डोळे पुसून भाकरीचं पीठ मळायला घेतलं. बाहेर बापलेक कुठल्या वाड्यावर आधी जायचं ते बोलत होते. मध्येच एकदा मल्हारनं काहीतरी विचारलं, ते आबांना ऐकू गेलं नाही. ती सवयीनं दारापर्यंत गेली. आबा म्हणत होते, "काय म्हणलास? मोठ्यानं बोल की लेका." ती तशीच मागं फिरली.